ज्यांना आधी कळलं

अंबाजोगाई,
श्रावणी सोमवार

प्रिय शिवू,

कागदांचे फोटो, तेही आईच्या अक्षरातले, एकामागून एक येताना बघून तुझ्या छातीत धस्स होईल. होऊ देऊ नकोस. घरातली माणसं आपापल्या जागी आहेत. पोस्टानं पाठवलं असतं तर तिकडं परदेशी पोहोचेपर्यंत सगळं शिळं झालं असतं, म्हणून लिहून, फोटो काढून पाठवणार आहे. शेवटापर्यंत वाच आणि मगच फोन कर. मधेच केलास तर मी नेहमीसारखं ‘बरंय’ म्हणेन आणि परत कधी लिहिणार नाही. आज शाळा अर्धी होती, पप्पा दुकानात आहेत, अप्पाआजोबा झोपलेत. एवढं रिकामं घर मला फार दिवसांनी मिळालंय.

फोनवर आपण दोघी फार शहाण्यासारखं वागतो. तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘थंडी आहे का’ विचारते. त्यातून पप्पा दुकानात असले की फोन स्पीकरवर. परवा तू वर्गातल्या कुठल्याशा प्रयोगाचं सांगत होतीस आणि मुंजाजीमामा पेंडीचं पोतं खांद्यावर घेता घेता मधेच ओरडले, “पोरी, तिकडं तुरीच्या डाळीचा काय भाव हाय गं?” तू हसलीस, भाव सांगितलास, आणि तुझं सांगायचं राहून गेलं. मोंढ्यातल्या भुसार दुकानात चार हमालांसमोर जे बोलता येतं तेवढंच आपण बोलतो.

अप्पा बरे आहेत. ऐकू कमी येतं म्हणून समोर दिसेल त्याला ते हात जोडून ‘शरणार्थ’ करून टाकतात, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या बाईलाही. ती उत्तर देत नाही म्हणून काल म्हणाले, “ह्या पोरीला वळण न्हाई.” पाऊस यंदा हात राखून आहे. कौशल्याआत्यांनी लोणचं पाठवलंय, तुझ्या नावाची बरणी वेगळी. त्यांचं प्रेम तुला माहीतच आहे. प्रेमाबरोबर जे येतं तेही माहीत आहे.

मला तू शिकवतेस त्या शाळेबद्दल लिहायचं आहे. मे महिन्यात मी तुझ्याकडं येऊन गेल्यापासून इथं सगळे विचारतात, कशी आहे शाळा? मी एकच उत्तर पाठ केलंय: मोठी आहे, स्वच्छ आहे, शिस्त आहे, मुलींना मोकळीक आहे. खरं उत्तर असं आहे की मला तुझ्या शाळेत पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत जळल्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही. चांगल्या घरच्या बाईनं असं लिहू नये. पण तू माझी मुलगी आहेस, तुला खपेल.

आधी मला वाटलं, हा शिक्षिकेचा हेवा आहे. तोही होताच. तीही मुलींचीच शाळा, आमचीही मुलींचीच. तिथलीही भिंत उंच, आमचीही उंच. पण आमच्या भिंतीवर काचा लावल्या आहेत आणि रस्त्याकडच्या खिडक्या वर्षभर बंद असतात, बाहेरच्या पोरांनी आत बघू नये म्हणून. त्यामुळे सातवी ‘ब’मध्ये दुपारी ट्यूबलाइट लावून मी कविता शिकवते, आणि कविता असते उन्हाची. तुझ्याकडं त्या टेकडीवरच्या भिंतीला वेल चढलेले आणि खिडक्या सताड उघड्या. तुझ्या मुली मैदानावर केवढ्यांदा ओरडत होत्या! मी दचकले, मला वाटलं कुणाला लागलं. तू म्हणालीस, “काही नाही आई, खेळतायत.” आमच्या मुली जिंकल्या तरी हाताची ओंजळ तोंडावर धरून हसतात. खो-खोचा सराव रंगात येतो तेवढ्यात पोरींना घेऊन जाणारी निळी बस फाटकावर येऊन उभी राहते. ती चुकली तर दुसरी नाही, आणि दोनदा चुकली तर घरचे म्हणतात, राहू दे शाळा. आमची शाळा मुख्याध्यापिका चालवत नाहीत गं, ती बस चालवते. तुझ्या मुलींना कुठंच जायचं नव्हतं. त्या तिथंच राहतात, तिथंच झोपतात. त्या गवतावर पाय पसरून पडल्या होत्या, स्वतःच्या घरच्या गच्चीवर पडावं तशा. मी त्यांच्याकडं बघत उभी होते, आणि माझ्या गळ्यात फाटकावरच्या माणसानं ‘पाहुणी’ लिहिलेला पट्टा अडकवलेला होता.

तो पट्टा मी आठवडाभर घातला. तू म्हणालीस, नियम आहे. असेल. पण वसतिगृहाच्या जेवणघरात बसल्यावर मला वाटायचं, इथं ही एकटी माझी आहे आणि तिच्यापर्यंत जायला मला गळ्यात पाटी लागते.

तुला तिथं सगळ्या ‘मिस एम’ म्हणतात. ‘मेनकुदळे’ त्यांच्या जिभेला झेपलं नसणार. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की ‘मिस एम’ नावाची एक बाई आहे जिला मी ओळखत नाही. ती सकाळी मुलींच्या खोल्यांची दारं वाजवत जाते आणि प्रत्येक दारावर वेगळं काहीतरी बोलते. ती पदार्थविज्ञान शिकवते आणि संध्याकाळी रडणाऱ्या पोरींच्या वेण्या घालते. माझ्याकडून वेणी घालून घेताना तू किती मान हलवायचीस! शेवटी नववीत केस कापून आलीस आणि मला म्हणालीस, तुझा वेळ वाचला. त्या एल्सीची वेणी तू इतकी सावकाश घातलीस की मी मनात पेड मोजत होते. बारा वर्षांची ती पोर, ठिपक्या-ठिपक्यांच्या गालांची, घरची आठवण आली की जेवताना तुझ्या दंडाला डोकं टेकवते. तूही एका हातानं जेवत राहतेस, तिला उठवत नाहीस. माझ्या दंडाला तू शेवटचं डोकं कधी टेकवलंस ते मी विमानात बसून आठवत होते. आठवलं नाही.

मग त्या मॅगीबाई. त्या कशा आहेत ते तुला सांगायची गरज नाही, पण मला कशा दिसल्या ते सांगते. मला वाटलं होतं वसतिगृहाची मेट्रन म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डनबाईसारखी असेल, कमरेला किल्ल्या, कपाळाला आठ्या. निघाल्या त्या गुटगुटीत, पांढऱ्या केसांच्या, पायात घरातल्या सपाता घालून सगळीकडं फिरणाऱ्या. पहिल्याच दिवशी मी तुझ्या चहात साखर घातली, दोन चमचे, लहानपणापासून घालते तशी. मॅगीबाईंनी तो कप माझ्याकडं सरकवला आणि तुझ्यापुढं दुसरा ठेवला. तू म्हणालीस, “अगं आई, मी सोडली साखर, दीड वर्ष झालं.” तू सहज बोललीस. मी तो गोड चहा प्यायले. दीड वर्ष फोनवर मी तुला ‘चहा घेतलास का’ विचारत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं जो कप होता तो चुकीचा होता.

इथपर्यंतचं तुला थोडं हसू येण्यासारखं आहे. आता पुढचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तू मोठ्या मुलींच्या अभ्यासाच्या तासाला गेलीस आणि मला बैठकीच्या खोलीत शेगडीपाशी बसवून गेलीस. एल्सी माझ्या शेजारी येऊन बसली. तिला माझ्या बांगड्यांचं फार नवल. एकेक बांगडी वरखाली करत ती बडबडत होती. तिचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, निम्मं मी मान हलवून भागवत होते. आणि त्या बडबडीत ती म्हणाली, मिस एमना ॲम्ब्युलन्समधून नेलं तेव्हा आम्ही सगळ्या खिडकीत उभ्या होतो. बर्फ पडत होतं. मॅगी घरातल्या सपाता घालूनच गाडीत चढली. आम्ही केवढं मोठं कार्ड केलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “ऑपरेशनचं ऐकून तुम्ही किती घाबरला असाल ना?”

मी म्हणाले, “यस. व्हेरी.”

शिवू, मी दुसरं काय म्हणणार होते? बारा वर्षांच्या पोरीला सांगू, की बाळ, मला आत्ता तुझ्याकडून कळतंय? मी तिच्या हातातून हात न काढता तिला विचारत गेले, मला सगळं माहीत असल्यासारखं. जानेवारीत होतं ना? हो, सुट्टीवरून आल्या आल्या. दवाखान्यात किती दिवस होती गं, मी विसरलेच. पोटाचं होतं ना? ती सगळं सांगत गेली. आणि मी मनात इकडचा जानेवारी जुळवत होते. संक्रांतीच्या आठवड्यात तुझा फोन दोन दिवस लागला नव्हता. मग लागला तेव्हा तू म्हणालीस, घसा बसलाय, आणि नेट स्लो आहे म्हणून चित्र बंद ठेवते. मी म्हणाले, हळद-दूध घे. मग मी तुला हळदीकुंकवाला काय वाण लुटलं ते सांगितलं, आणि कौशल्याआत्या आणि गल्लीतल्या साखराबाई यांचं वाटीवरून झालेलं भांडण तर नकला करून सांगितलं. तू हसलीस आणि हसताना ‘आई गं’ म्हणालीस. मला वाटलं, केवढं हसू आलं पोरीला. ते टाके होते.

मी उठून बाहेर मैदानावर गेले. आईला अशा वेळी काय व्हायला पाहिजे? काळीज फाटलं पाहिजे. फाटलंही, पण ते नंतर. आधी मला एकच गोष्ट दिसत होती. शेगडीपाशी बसलेल्या प्रत्येक पोरीला माहीत होतं. स्वयंपाकघरातल्या बाईला माहीत होतं. फाटकावर मला पट्टा घालणाऱ्या माणसालाही माहीत असणार, गाडीसाठी फाटक त्यानंच उघडलं असेल. तुझं पोट उघडलं तेव्हा ज्यांना ज्यांना कळलं त्यांची यादी केली तर त्या टेकडीवरचं सगळं गाव त्यात येईल, आणि मी येणार नाही. मोठा सरकारी दवाखाना असलेल्या गावात मी राहते. आपल्या गल्लीत कुणाला साधा ताप आला तरी डबा घेऊन जाणारी मी पहिली. आणि माझ्या पोरीला डबा कुणी नेला, तर सपाता घातलेल्या एका परक्या बाईनं.

मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू माफी मागितली असतीस, आणि मला माफी नको होती. मी नुसती बघत राहिले. तू जिना उतरताना एक हात पोटाशी नेतेस. माझी बॅग उचलताना तू फाटकावरच्या माणसाला हाक मारलीस, तू, जी दुकानात पप्पांशी पैज लावून अर्धं पोतं ओढायचीस. तुझ्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर एक मोठा चौकोन उजळ होता, कोपऱ्यांवर चिकटपट्टीचे डाग. मी येणार म्हणून ते कार्ड काढून ठेवलं होतंस ना? इतकं नीट सांभाळलंस सगळं. परीक्षेला बसल्यासारखं.

निघायच्या आदल्या दिवशी मी मॅगीबाईंना गाठलं. त्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. मी न विचारता समोरची दोन टोकं धरली. मोठ्या चादरीची घडी घालताना दोघींना एकमेकींजवळ यावं लागतं, परत लांब जावं लागतं. पाच-सहा चादरींच्या घड्या आम्ही तशाच घातल्या. मग मी मनात जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, की मला जानेवारीचं कळलं आहे. त्यांनी चादर खाली ठेवली नाही. म्हणाल्या, मला वाटलंच, तुम्ही दोन दिवस तिच्या पोटाकडं बघताय. मग त्यांनी सावकाश, मला कळेल असं सांगितलं. अंडाशयावर गाठ होती, तिला पीळ पडला, लगेच उघडावं लागलं. गाठ साधी निघाली, आता काही धोका नाही. आणि म्हणाल्या, ती मला म्हणाली होती, आईला मीच सांगेन, तुम्ही नाही. तुम्ही रागावलात?

राग नव्हता. काय आहे ते सांगायला इंग्रजी शब्द शोधावा लागला नाही, तो तर आमच्या सातवी ‘ब’च्या पोरी एकमेकींच्या नव्या टिकल्यांवरून दिवसभर म्हणत असतात. मी म्हणाले, “आय ॲम जेलस.” मॅगीबाई आधी हसल्या. मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, “रविवारी तुमचा फोन झाला की ती तासभर मला धड उत्तर देत नाही. खिडकीशी बसते. मी काही विचारलं तर तुमच्याच भाषेत हं हं करते. मला तेव्हा ते आवडत नाही.” मला हे ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी मला एक विचारलं. तू भुलीतून बाहेर येताना सारखा एकच शब्द म्हणत होतीस, त्यांनी तो लक्षात ठेवला होता. पाणी आणलं, ते नको. ब्लँकेट आणलं, ते ढकललंस. उलटीचं भांडं आणलं, तेही नको. त्यांनी तो शब्द म्हणून दाखवला. ‘गोधडी’. अगदी नीट म्हटला, नुसता हेल वेगळा. मी त्यांना हातानं टाके घालून दाखवले, जुनी लुगडी एकावर एक ठेवून कशी शिवतात ते सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्याकडं ती नव्हतीच.” मी म्हणाले, नव्हतीच. शिवू, त्या कपड्यांच्या खोलीत, इतक्या शुभ्र चादरींच्या ढिगात उभी राहून मला जो आनंद झाला तो काही चांगल्या माणसाचा आनंद नव्हता. पण झाला. ती बाई तुझ्याजवळ खुर्चीत बसून राहिली, तुझा हात धरला, सगळं सगळं केलं, आणि एक गोष्ट तिला देता आली नाही.

मी त्यांच्याकडून शब्द घेतला की मला कळल्याचं तुला सांगायचं नाही. त्यांनी तो पाळला असेल, कारण अजून तू मला काही बोलली नाहीस.

हे सगळं मनात होतं म्हणून निघायच्या दिवशी मी त्यांची ओटी भरायचा हट्ट धरला. तुला वाटलं, आईचं जुनं वळण. नारळ तिथं त्या वेळी मिळाला नाही, सफरचंद घेतलं. खण मी इथून नेला होता, तांदूळ त्यांच्याच स्वयंपाकघरातले. तू लाजून दाराशी उभी होतीस आणि पोरी मोबाइलवर फोटो काढत होत्या. मॅगीबाईंनी ॲप्रनची झोळी पुढं केली. मी कुंकू लावलं, तांदूळ घातले. आणि मग मी थांबले. ओटी घेणारीनं त्यातले चार दाणे परत घालायचे असतात ना देणारीच्या ताटात, सगळं घेऊन जायचं नसतं. त्यांना कुठून माहीत असणार? मी ताट पुढं धरून उभी, आणि त्या माझ्याकडं बघून हसतायत. तू सांगायला हवं होतंस, तुझं लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी ॲप्रन छातीशी घट्ट धरला आणि मला दुसऱ्या हातानं मिठी मारली. सगळे तांदूळ त्यांच्याकडंच राहिले. विमानतळापर्यंत मी तू बोलत होतीस त्याला हो-हो करत होते, पण माझं मन त्या तांदळांत होतं. एवढी शिकलेली बाई मी, एकवीस वर्षं शाळेत शिकवतेय, आणि मला वाटत होतं, मागं फिरून चार दाणे मागून आणावेत.

घरी आल्यावर कौशल्याआत्या दुसऱ्याच दिवशी आल्या. पाय धुवायच्या आत म्हणाल्या, “उमा, पोरीला कावून आणली न्हाईस संगं? दुसऱ्याच्या पोरी सांभाळायला आपली पोर कशाला पायजे तिकडं?” मी म्हणाले, तिची नोकरी आहे, चांगली आहे. तर त्या म्हणाल्या, “नोकरी हाय गं, पण वय बी हाय. दिंद्रुडच्या त्या सिदूच्या पोरीचं बघ. लई देखणी. पोटाचं ऑपरेशन झालतं म्हणं लहानपणी, कुणी तरी जाऊन सांगितलं, दोन ठिकाणची माणसं बघून गेली ती परत फिरकलीच न्हाईत. कशाचं ऑपरेशन ते बी कुणी इचारलं न्हाई.” त्या लोणच्याची फोड चोखत सांगत होत्या. मी पदरानं डबा पुसत राहिले. मला कळलं, तू का सांगितलं नाहीस. मला सांगणं म्हणजे घराला सांगणं, आणि घराला सांगणं म्हणजे आत्यांना, आणि आत्यांना सांगितलं की माजलगाव तालुक्यापर्यंत पोहोचलंच. तुला वाटलं, आईच्या पोटात राहणार नाही. मे महिन्यापासून राहिलंय बघ. पप्पांनाही बोलले नाही. तुझं आहे, तू कुणाला सांगायचं ते तू ठरव.

कळलं म्हणून जळणं थांबलं असं मात्र नाही. गेल्या आठवड्यात तू फोनवर म्हणालीस, एल्सीला यंदा वसतिगृहातली छोट्या मुलींची प्रमुख केलं, आणि मी ‘वा वा’ म्हणाले. फोन ठेवल्यावर उगाच भांडी आदळली.

आता आजच का लिहिते ते. पाळीला जास्त जायचं ते वर्षभर होतंच, शाळा सुरू झाल्यापासून तर ती थांबेना. तुझ्या वसतिगृहाच्या जिन्यात मी मधे मधे बसायची, तेव्हाच रक्त कमी झालं होतं, दोघींना कळलं नाही. गेल्या महिन्यात दाखवलं. गर्भाशयात गाठी आहेत, आणि आतलं अस्तर डॉक्टरीणबाईंना बरं दिसत नाही. तुकडा तपासायला पाठवलाय, अजून उत्तर यायचंय. उत्तर काहीही आलं तरी पिशवी काढावी लागेल, भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या की लगेच. पिशवी काढायची हे आपल्या जिल्ह्यात किती सहज बोलतात तुला ठाऊक आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या कितीतरी मुलींच्या आयांनी तिशीच्या आतच काढलेली. म्हणून मी आधी विश्वासच ठेवला नाही, लातूरला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. तेही तेच म्हणाले. तुला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. खोटंही तयार होतं: संभाजीनगरला शिक्षकांचं प्रशिक्षण, दिवसभर फोन बंद, आल्यावर घसा बसलेला. शेजारच्या वर्गावरच्या विजयमाला मॅडमना जवळ बसायला सांगणार होते, त्या हो म्हणाल्या असत्या आणि सगळं नीट केलं असतं. आज दुपारी त्यांना फोन लावला आणि घंटा वाजायला लागल्यावर बंद केला. मला दिसलं, पुढं कधीतरी तू इथं येशील, विजयमाला मॅडम चहा पिता पिता तुला सांगतील तुझी आई शुद्धीवर येताना काय म्हणत होती, आणि तू हसून म्हणशील, हो, मला माहीत आहे. तसं मला होऊ द्यायचं नाही. ये असं मी म्हणत नाही, येऊ नको असंही म्हणत नाही. डॉक्टर सोडले तर हे अजून कुणालाच माहीत नाही, पप्पांना नाही, आत्यांना नाही, मॅडमनाही नाही. तुझ्याशी बोलणं होईपर्यंत मी कुणाला सांगणार नाही. आधी तुला कळू दे.

तुझीच,
आई